आवळायचे केव्हा, सोडायचे केव्हा

बॅडमिंटनची रॅकेट जेमतेम ऐंशी ते नव्वद ग्रॅमची असते. खिशातला मोबाइल तिच्या दुपटीने जड भरतो. ज्या शटलवर ती चालवायची, त्याचे वजन नियमाप्रमाणे 4.74 ते 5.50 ग्रॅम. एवढी हलकी वस्तू धरायला मुठीत ताकद कशाला हवी, असा प्रश्न मुलांना खेळाला घालणाऱ्या पालकांना पडतो आणि तो रास्तच आहे. पळायला दम लागतो, उडीला मांड्या लागतात, स्मॅशला खांदा लागतो, हे चटकन पटते. मनगट आणि मूठ मात्र खेळता खेळता तयार होतील असे धरून चालतात. वर्षानुवर्षे धावण्याचे आणि बैठकांचे वेळापत्रक काटेकोर पाळणारे खेळाडूही हातांसाठी आठवड्यातली वीस मिनिटे राखून ठेवत नाहीत. मग एक दिवस कोपर दुखायला लागते आणि तेव्हा कुठे हाताकडे लक्ष जाते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर हैदराबादला जावे. पुल्लेला गोपीचंद यांनी 2001 मध्ये ऑल इंग्लंड जिंकली. प्रकाश पदुकोण यांच्या 1980 च्या विजयानंतर ती स्पर्धा जिंकणारे ते दुसरे भारतीय. 2008 मध्ये गच्चीबावलीत त्यांची अकादमी उभी राहिली. सायना नेहवालचे 2012 चे लंडनमधले कांस्य, पी. व्ही. सिंधूचे 2016 चे रिओतले रौप्य, 2019 चे बासेलमधले जगज्जेतेपद आणि टोकियोतले कांस्य, किदांबी श्रीकांतने 2017 या एका वर्षात जिंकलेल्या चार सुपर सीरिज स्पर्धा, ही सारी या शहराशी जोडलेली नावे. त्यांच्या आधी इथे सय्यद मोहम्मद आरिफ यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी खेळाडू घडवले. बॅडमिंटन बाजूला ठेवले तरी मोहम्मद अझरुद्दीन आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण याच गावचे. नेमबाज गगन नारंग आणि ईशा सिंह इथलेच, सानिया मिर्झाही इथेच वाढली. हातांनी ओळखले जाणारे इतके खेळाडू एका शहरात सहसा सापडत नाहीत.

मालाडचा चिराग शेट्टी मुंबईत उदय पवार यांच्याकडे शिकला आणि पुढे याच गच्चीबावलीच्या अकादमीत आला. तिथे त्याची जोडी जमली अमलापुरमच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीशी. 2022 चा थॉमस कप, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतले सुवर्ण, जागतिक क्रमवारीतला पहिला क्रमांक, हे सगळे या जोडीच्या वाट्याला आले. त्यांपैकी सात्विकने 14 एप्रिल 2023 रोजी जपानमधल्या सोका इथे, रॅकेट बनवणाऱ्या कंपनीच्या आवारात, मोजणी यंत्रासमोर एक स्मॅश मारला. वेग भरला ताशी 565 किलोमीटर. त्याआधीचा विक्रम मलेशियाच्या तान बून हेऑंगचा, 493 चा, दहा वर्षे टिकून होता.

हा वेग मनगटाच्या झटक्यातून येतो असे आपण म्हणत आलो. प्रत्यक्षात त्याचा मोठा वाटा खांद्याच्या आत वळण्यातून आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात तळवा खाली येईल असा फिरण्यातून येतो. मनगट त्या दोघांचा वेग पुढे पोचवते. मग मुठीचे काम काय? पाहणाऱ्याला ते दिसत नाही, कारण ते फार थोड्या काळात उरकते. हात मागे जाताना आणि पुढे येऊ लागताना रॅकेट सैल धरलेली असते, पडणार नाही एवढीच. शटलला रॅकेट लागण्याच्या क्षणी शेवटची तीन बोटे ती तळव्यात दाबून धरतात. फटका संपला की पुन्हा सैल. बॅकहँडला हाच दाब अंगठ्याकडून येतो.

रॅकेट सुरुवातीपासून घट्ट धरली तर हाताच्या पुढच्या भागातले सगळे स्नायू एकाच वेळी ताणले जातात, मनगट ताठरते आणि हात मोकळा फिरत नाही. उलट, ऐन क्षणी मूठ आवळली नाही तर दुसरे संकट. रॅकेट ऐंशी ग्रॅमची असली तरी हातभर लांबीच्या वर्तुळात ती अफाट वेगाने फिरत असते. त्या क्षणी हातातून निसटू पाहणारा तिचा ओढा काही किलोंचा होतो. शटल तारांच्या मध्यावर न लागता कडेला लागले तर ती मुठीत पिळली जाते आणि फटका भलतीकडे जातो. रॅकेटचे वजन तराजूवर मोजून मुठीची गरज ठरवता येत नाही, ती वेगावर ठरते.

म्हणून हातात दोन गोष्टी एकत्र लागतात. एक म्हणजे पुरेसा जोर. दुसरी म्हणजे तो जोर शून्याजवळून वर नेऊन पुन्हा खाली आणण्याची चपळाई. स्प्रिंगचे ग्रिपर दाबत बसणाऱ्यांना पहिली गोष्ट मिळते. दुसरी त्याने मिळत नाही, आणि खेळात निम्मे काम दुसरीचे असते.

हाताची रचना समजली की यातले बरेच उलगडते. बोटांत स्नायू नसतात. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला असतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून पार होऊन बोटांच्या पेरांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीची बोटे जशी दूरवरच्या दोऱ्यांनी हलतात तशीच ही व्यवस्था आहे. मनगटाच्या मधल्या अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते. बोटे पसरणे, जवळ आणणे, अंगठा समोर आणणे अशी बारीक कामे तळव्यातले छोटे स्नायू करतात. अंगठ्याच्या बुडाशी जो फुगीर भाग दिसतो, तो त्यांचाच.

आता एक प्रयोग करून पाहा. हात समोर धरा, मनगट पूर्ण खाली, तळव्याच्या दिशेला वाकवा आणि तसेच ठेवून मूठ आवळा. आवळता येत नाही, किंवा अगदी दुबळी आवळते. आता मनगट किंचित वर, मागच्या बाजूला उचला आणि आवळा. जोर एकदम वाढतो. मनगट पुढे वाकले की बोटे वाकवणारे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना आणखी ओढायला जागा उरत नाही. मनगट मागे असले की त्यांना पुरेशी लांबी मिळते. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पकड सोडवायची तर त्याचे मनगट आत वाकवायचे, हे वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते याच कारणाने.

या प्रयोगातून निघणारी दुसरी गोष्ट माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत उपयोगाची आहे. मूठ आवळताना मनगटाला मागे टेकवून धरण्याचे काम हाताच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. तुम्ही जितके घट्ट आवळाल तितके त्यांनाही राबावे लागते. आतले स्नायू दांडगे आणि बाहेरचे कमजोर राहिले की रोजचा ताण कोपराच्या बाहेरच्या हाडावर येतो, जिथे या स्नायूंची कंडरा चिकटलेली असते. हाच टेनिस एल्बो. तो व्हायला टेनिस खेळावे लागत नाही. सचिन तेंडुलकरला 2004 मध्ये याच दुखण्याने सामन्यांपासून दूर ठेवले आणि 2005 मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा देशातल्या प्रत्येक घरात कोपर हा चर्चेचा विषय झाला होता. सानिया मिर्झाचे दुखणे मनगटाचे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला एकेरीचा पहिलाच सामना अर्धवट सोडावा लागला. अशा दुखण्यांना एकच एक कारण नसते, आणि मुठीचा व्यायाम केला असता तर ती टळलीच असती असे म्हणणे खोटेपणा होईल. पण ज्या अवयवावर सगळी कारकीर्द उभी आहे, त्याची निगा दुखल्यावर सुरू करणे हा शहाणपणा नव्हे.

सचिनच्या हातांची आणखी एक हकिकत आहे. लहानपणी तो मोठा भाऊ अजितची बॅट वापरायचा. ती त्याच्यासाठी जड होती, म्हणून दोन्ही हात दांड्याच्या तळाशी गेले आणि तिथेच राहिले. प्रशिक्षक आचरेकर सरांनी पकड बदलून पाहिली, पण त्याला ती मानवली नाही आणि तो जुन्या पकडीवर परत आला. पाठ्यपुस्तकातली पकड एक असते, हातात बसलेली दुसरी असू शकते. प्रशिक्षकाने कोणती बदलावी आणि कोणती राहू द्यावी, याला डोळा लागतो.

अझरुद्दीनकडे पाहा. 1984-85 च्या मोसमात इंग्लंडविरुद्ध कारकिर्दीतल्या पहिल्या तिन्ही कसोटींत त्याने शतके ठोकली. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू मिडविकेटला वळवताना त्याचा वरचा हात दिशा द्यायचा आणि खालचा हात शेवटपर्यंत सैल राहायचा. 2001 च्या मार्चमध्ये ईडन गार्डन्सवर 281 धावा करताना लक्ष्मणने शेन वॉर्नचा वळणारा चेंडू कधी ऑनला, कधी कव्हरमधून काढला, तेही अशाच हातांनी. क्रिकेटमध्ये मऊ हात म्हणतात ते हेच. बचावात खालचा हात सैल ठेवला की चेंडू बॅटला लागून तिथेच मरतो, स्लिपपर्यंत उडत नाही. घट्ट धरलेल्या बॅटवरून तोच चेंडू झेल होऊन जातो. हैदराबादी फलंदाजीला नजाकतीची म्हणतात. त्या नजाकतीच्या मुळाशी दाब कमीजास्त करता येणारी मूठ आहे. दुबळ्या हाताला मऊपणा परवडत नाही. ज्याच्याकडे राखीव ताकद असते, त्यालाच बॅट हलकी धरून निर्धास्त राहता येते.

रक्ताचा हिशेबही इथे येतो. स्नायू आवळला की तो आपल्यातल्याच रक्तवाहिन्या दाबतो. कमाल जोराच्या निम्म्याहून जास्त जोराने मूठ आवळून धरली तर स्नायूला रक्त नीट पोचत नाही, आणि मिनिटभरात हात भरून येतो. समजा, एखाद्या खेळाडूची कमाल ताकद 30 किलो आहे आणि खेळात वारंवार 15 किलोचा दाब लागतो. तो सतत निम्म्यावर काम करत राहील. 45 किलोवाल्याला तोच दाब एकतृतीयांश पडेल. तिसऱ्या गेममध्ये दोघांच्या नेटजवळच्या फटक्यांत जो फरक दिसतो, त्याचे एक कारण हे असते. मुठीची ताकद वाढवायची ती सदैव घट्ट धरण्यासाठी नाही. हलके धरूनही काम भागावे यासाठी ती हवी.

आता थोडे मागे जाऊ, कारण हैदराबाद आणि मराठी मुलखाचा या विषयातला संबंध दोनशे वर्षांहून जुना आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळची एक हकिकत परंपरेने सांगितली जाते. निजामाच्या हैदराबादेतून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबारातल्या मल्लांना आव्हान दिले. त्यांच्यासमोर उभे राहायला कुणी धजेना. बाळंभटदादा देवधर या तरुणाने तयारीसाठी मुदत मागून आव्हान स्वीकारले आणि तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरात गेला. तिथे मारुतीने दृष्टांत देऊन खांबावरचे डाव शिकवले, अशी श्रद्धा आहे. परत येऊन त्याने अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली. त्यातून मल्लखांबाचे पुनरुज्जीवन झाले. मल्लखांब म्हणजे मुळात मल्लाचा खांब. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. तो ग्रंथ लिहिणारा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर कल्याणीचा, आणि हे कल्याणी पुढे निजामाच्याच राज्यात, बीदर जिल्ह्यात होते.

हकिकतीतला दृष्टांत बाजूला ठेवला तरी त्यातले व्यायामशास्त्र पक्के आहे. आपल्याहून बलवान मल्लाशी लढायचे, आणि सरावाला तेवढ्या ताकदीचा जोडीदार गावात नाही. मग लाकडाचा खांब पुरायचा आणि त्यालाच प्रतिस्पर्धी मानायचे. तो थकत नाही आणि कधी सोडूनही देत नाही. बुडाशी तो इतका जाड असतो की बोटांचा वेढा पुरत नाही. तिथे तळवा, बाहू, काख आणि मांड्या दाबून धरावे लागते. वर तो निमुळता होतो आणि बोंडाखालच्या मानेशी मूठ बसते. त्यावर एरंडेल चोळलेले असते. अंग सोलवटू नये, फिरताना घसरावे, म्हणून ते लावायचे, पण त्याने पकड अवघड होते आणि म्हणून तयार होते. सलामी, अढी, तेढी, फिरकी, दसरंग हे प्रकार करताना दर क्षणाला पकड सुटते आणि नव्या जागी बसते. आवळणे आणि सोडणे यांचा असा सराव दुसऱ्या कुठल्या एका साधनावर होत असेल असे मला वाटत नाही.

दोरीचा मल्लखांब याहून कडक. पूर्वी तो वेतावर करत, आता सुती दोर वापरतात. दोराला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरून मुली वर चढतात आणि अधांतरी आसने करतात. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. 2019 मध्ये त्याच मैदानावर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशातले गिर्यारोहक आणि जिम्नॅस्ट ज्या पकडीसाठी महागडे फलक आणि कड्या टांगतात, ती आपल्याकडे शाळकरी मुली एका दोरावर कमावतात. आपल्याच क्रिकेट आणि बॅडमिंटनच्या प्रशिक्षकांनी तिच्याकडे वळून पाहू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कुस्तीत मुठीचे महत्त्व सांगावे लागत नाही. फ्रीस्टाइलमध्ये अंगावरचा कपडा धरायला मनाई आहे. धरायचे ते घामाने निसरडे झालेले मनगट, मान किंवा पाय. खडाखडीत ज्याने समोरच्याचे मनगट ताब्यात घेतले, त्याचा डाव आधी बसतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्य मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या पिढीचे हात जिममध्ये तयार झाले नव्हते. फावड्याने आखाड्यातला हौदा उकरणे, मुद्गल आणि करेला फिरवणे, दोर चढणे आणि शेतातली कामे यांतून ते तयार झाले. मुद्गल फिरवताना प्रत्येक फेरीत वजन हातातून निसटू पाहते आणि मूठ त्याला परत आणते. रॅकेटच्या ओढ्याचीच ही जड आवृत्ती आहे.

कबड्डीत पकड उलट बाजूनेही पाहावी लागते. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2019 मध्ये 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्स संघाकडे गेला आणि गच्चीबावलीच्याच इनडोअर स्टेडियममध्ये खेळला. चढाईपटूची किंमत समोरच्यांची पकड तोडण्यावर ठरते. पायाच्या घोट्यावर पडलेल्या दोन हातांच्या पकडीत सर्वांत कच्ची जागा अंगठ्यांची असते, कारण एका बाजूला चार बोटे आणि दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. सुटायचे ते अंगठ्याच्या फटीतून. म्हणून पकड करणाऱ्याने अंगठ्याचा व्यायाम वेगळा केला पाहिजे. कबड्डीत अंगाला तेल किंवा निसरडे काही लावून उतरायला नियमाने बंदी आहे, यावरूनच पकड हा या खेळाचा गाभा आहे हे कळते.

वेटलिफ्टिंगमध्ये जोर सर्वांत उघड दिसतो. कर्णम मल्लेश्वरीने 2000 मध्ये सिडनीत एकूण 240 किलो उचलून कांस्य मिळवले. तेव्हा हैदराबाद तिच्या राज्याची राजधानी होते. या खेळात अंगठा दांडीभोवती आधी घालून त्यावर बोटे आवळतात. तिला हुक ग्रिप म्हणतात. सुरुवातीला ती अंगठ्याला असह्य वाटते. पण स्पर्धेत मनगट दांडीला बांधून ठेवणारे पट्टे चालत नाहीत, त्यामुळे दुसरा मार्ग नसतो. आजच्या जिममध्ये मात्र हे पट्टे सर्रास दिसतात. पाठीचा व्यायाम जड व्हावा म्हणून मूठ कामातून काढून टाकायची, आणि मग मूठ कच्ची राहिली म्हणून पट्टे कायम ठेवायचे! खेळाडूने तरी हे करू नये.

नेमबाजी या सगळ्यांच्या विरुद्ध टोकाला. दहा मीटर एअर पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त दीड किलो असू शकते. ते एका हाताने धरून पात्रता फेरीत पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या झाडायच्या. ईशा सिंह हैदराबादची. तिच्या घडणीत पुण्याच्या गन फॉर ग्लोरी या संस्थेचा वाटा आहे, आणि ही संस्था 2011 मध्ये उभी करणाऱ्यांत गगन नारंग होता. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ईशाने चार पदके मिळवली. पिस्तूल फार घट्ट धरले की हात थरथरतो, आणि सैल धरले की दर गोळीला ते वेगळे बसते. साठही वेळा तोच दाब हवा. त्यात आणखी एक अडचण शरीररचनेची. अनामिका एकटीच वाकवून पाहा, करंगळी तिच्यामागे येते, कारण त्यांना ओढणारा स्नायू बराचसा सामाईक आहे. ट्रिगर ओढताना बाकीची बोटेही नकळत आवळतात आणि नेम हलतो. नेमबाजाच्या हाताचा व्यायाम म्हणजे तर्जनीला बाकीच्यांपासून वेगळे वागायला शिकवणे. इथे जास्त ताकद हे ध्येयच नाही.

तेव्हा मुठीची ताकद ही एकच एक वस्तू मानून चालत नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी 1956 मध्ये हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले. एक जोराची पकड, ज्यात वस्तू बोटे आणि तळवा यांमध्ये दाबली जाते. दुसरी अचूकतेची, ज्यात ती अंगठा आणि बोटांच्या टोकांत धरली जाते. पहिलवानाला पहिली हवी, नेमबाजाला दुसरीचा मोठा अंश हवा आणि बॅडमिंटनपटूला एका फटक्यात दुसरीतून पहिलीत जायचे असते.

मोजण्यासाठी हाताने दाबायचे डायनॅमोमीटर मिळते. खुर्चीत बसून, कोपर काटकोनात ठेवून, दर हाताने तीन वेळा दाबायचे. हा आकडा डॉक्टरही गांभीर्याने घेतात. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पाहणीत भारतासह 17 देशांतल्या 1,39,691 माणसांच्या मुठीची ताकद मोजून त्यांचा सुमारे चार वर्षे मागोवा घेतला होता. मुठीची ताकद पाच किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त आढळला. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही या आकड्यावरून तो धोका चांगला ओळखता आला. याचा अर्थ ग्रिपर दाबल्याने आयुष्य वाढते असा कुणी काढू नये. मुठीवरून सगळ्या शरीराच्या ताकदीचा अंदाज येतो, एवढेच त्यातून ठरते. खेळाडूलाही हेच लागू आहे. पाय आणि खांदे कच्चे ठेवून नुसती मूठ वाढवली तर स्मॅशचा वेग वाढणार नाही.

करायचे काय? आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मुख्य सरावानंतर, पंधरा-वीस मिनिटे पुरतात. सरावाआधी केल्यास थकलेला हात घेऊन कोर्टवर उतरावे लागते. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या किंवा डंबेल घेऊन ताठ चालणे हा पकड टिकवण्याचा सर्वांत साधा आणि निर्धोक व्यायाम आहे. आडव्या बारवर टॉवेल टाकून त्याची टोके धरून लटकले की जाड आणि मऊ वस्तू धरावी लागते आणि बोटे जास्त राबतात. अंगठ्यासाठी वजनाच्या दोन सपाट चकत्या चिमटीत धरून उभे राहावे. बादलीत तांदूळ भरून त्यात हात खुपसून मूठ उघडावी, मिटावी, मनगट फिरवावे. यात उघडणारे स्नायूही राबतात, म्हणून मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो. बोटांभोवती रबर घालून ती पसरवणे आणि हलक्या वजनाने मनगट मागे उचलणे हे रोज केले तरी चालते. आवळण्याच्या दर व्यायामामागे उघडण्याचा एक व्यायाम हवाच. बॅडमिंटनवाल्यांनी याशिवाय भिंतीजवळ उभे राहून छोटे फटके मारावेत, दर फटक्याला आवळून लगेच सोडावे. वेग शिकायचा तो याच सरावात.

घाई मात्र करू नये. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरेला महिने लागतात, आणि या दोघांमधल्या अंतरातच बहुतेक दुखापती होतात. वाढत्या वयाच्या मुलांच्या बोटांच्या हाडांची टोके अजून कच्ची असतात. त्यांना बोटांच्या टोकांवर लटकायला लावू नये. पूर्ण मुठीने दोर किंवा बार धरू द्यावा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले की जोर लावून पुढे जायचे नाही, तज्ज्ञाला दाखवायचे. रॅकेटची किंवा बॅटची मूठ मुलाच्या हाताला जाड होत असेल तर ती आधी बदलावी, कारण जाड मूठ धरून ठेवण्यातच त्याचा निम्मा जोर जातो.

शिक्षक, प्रशिक्षक आणि सोसायटीच्या मैदानाचा कारभार पाहणारे यांना माझी एकच विनंती आहे. यासाठी वेगळी खोली किंवा यंत्रे घेण्याची गरज नाही. मैदानाच्या कडेला मजबूत फांदी किंवा लोखंडी तुळई असेल तर तिला एक जाड सुती दोर टांगा, खाली माती भुसभुशीत करा किंवा गादी टाका, आणि सराव संपल्यावर मुलांना रोज दोनदा त्यावर चढू द्या. दोर दर महिन्याला तपासा आणि झिजला की लगेच बदला.